पिकअप डिझेल का खाते? पंपाला हात लावण्यापूर्वी हे वाचा



गळीत हंगाम रंगात आला की आमच्या ऑफिसात तक्रारींची रीघ लागते. तोड वेळेवर आली नाही, टोळी वाढे घेऊन गेली, काट्यावर रात्रभर थांबावे लागले. या तक्रारींची आम्हाला सवय आहे. परंतु २०२४ च्या डिसेंबरात एक सभासद आले आणि ऊस बाजूला ठेवून वेगळेच बोलू लागले. "साहेब, गाडीनं खाल्लं बघा आम्हाला. उसाचं बिल बँकेत यायचं आणि डिझेलात जायचं, असं चाललंय."

त्यांच्याकडे २०१२ साली वडिलांनी घेतलेली पिकअप आहे. रोपवाटिकेतून उसाची रोपे आणायची, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, कधी कारखान्याचे प्रेसमड, आणि उसातल्या आंतरपिकाचा कांदा-फ्लॉवर पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा. गावातल्या आणखी चार-पाच शेतकऱ्यांचा मालही भाड्याने जातो. महिन्याला सात फेऱ्या, म्हणजे साधारण २,४०० किलोमीटर. ही गाडी पूर्वी लिटरला १३ किलोमीटर द्यायची. ती ९ वर आली होती.

तेरावरून नऊ हे ऐकायला फारसे वाटत नाही. परंतु कागदावर मांडून बघा. २,४०० किलोमीटरला १३ च्या हिशेबाने १८५ लिटर लागतात, ९ च्या हिशेबाने २६७. महिन्याला ८२ लिटर जास्त. त्या वेळी लिटरला ९० रुपयांच्या आसपास भाव होता, म्हणजे महिन्याला ७,४०० रुपयांच्या घरात नुकसान. पाच महिन्यांच्या हंगामात एका चांगल्या दुभत्या गाईचे जवळजवळ निम्मे पैसे धुरावाटे गेले म्हणायचे.

सदर सभासदांनी त्यावर दोन उपाय ठरवून टाकले होते. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे सांगितले की पंप आणि नोझल उघडावे लागतील, खर्च २८,००० पर्यंत. हा पहिला. दुसरा उपाय त्यांनी जरा आवाज खाली करून सांगितला. सोमवारपासून ड्रायव्हरला यायला नको म्हणून सांगणार होते. डिझेल रस्त्यात काढले जाते असा त्यांना संशय होता.

हे ड्रायव्हर म्हणजे गाडी घेतली त्या दिवसापासून तिच्यावर असलेले, वडिलांच्या वेळचे माणूस. घरातली पोरे त्यांना मामाच म्हणतात. बारा वर्षांत एकदाही रस्त्यात माल सांडला नाही की कोणाला धक्का लागला नाही. आम्ही सभासदांना एवढेच म्हणालो, "पंपही उघडू नका आणि मामांनाही काही बोलू नका. आम्हाला दोन आठवडे द्या." कारखान्याच्या वाहन विभागात एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना बरोबर घेतले. पुढे जे निघाले ते त्या सभासदांच्या परवानगीने येथे लिहीत आहोत. आपल्या कार्यक्षेत्रात दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या पिकअप गावोगाव आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मालकांची हीच रड आहे.

आधी माप, मग मिस्त्री

पहिला प्रश्न आम्ही विचारला, नऊचे ॲव्हरेज काढले कसे? उत्तर आले, "दोन हजाराचं टाकतो, आणि काटा खाली आला की परत टाकतो." म्हणजे माप असे काही नव्हतेच. टाकीचा काटा हा अंदाज दाखवतो. चढावर एक, उतारावर दुसरे. रुपयांच्या हिशेबाने डिझेल टाकणाऱ्याला गाडी खाते एवढे समजते, किती खाते ते समजत नाही.

खरे माप असे घ्यावे. गाडी सपाट जागेवर उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरावी. डिझेलला फेस येतो, म्हणून नळी आपोआप बंद झाली की दोन-तीन मिनिटे थांबून फेस बसू द्यावा आणि पुन्हा थोडे थोडे टाकत गळ्यात डिझेल दिसेपर्यंत भरावे. किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. मग नेहमीचे काम करावे, निदान ३०० किलोमीटर. परत त्याच पंपावर, त्याच जागेवर, त्याच पद्धतीने गळ्यापर्यंत भरावे. जेवढे लिटर बसले तेवढे खर्च झाले. एका फेरीवर विसंबू नये, दोन-तीन फेऱ्या बघाव्यात, कारण माल, वारा, रस्त्यावरची गर्दी यांनी फरक पडतो.

पहिल्या फेरीला मामा नेहमीप्रमाणे एकटे गेले. मीटरवर ३३१ किलोमीटर, डिझेल ३६.४ लिटर. ॲव्हरेज ९.१.

दुसऱ्या फेरीला मालक स्वतः शेजारी बसले. पहाटे दोनला गाव सोडले, माल उतरवला, चहा प्यायले, परत आले. गाडी एक मिनिट नजरेआड झाली नाही. मीटरवर ३३४ किलोमीटर, डिझेल ३६.६ लिटर. ॲव्हरेज तेच, ९.१.

रस्त्यात पाच लिटर जरी निघत असते, तरी मालक बसलेल्या फेरीला ३१-३२ लिटरच लागले असते आणि ॲव्हरेज साडेदहावर गेले असते. चोरी माणूस बघून थांबते. गाडीतला दोष मालक शेजारी बसला म्हणून थांबत नाही. सभासद ते आकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मामाचं काय न्हाई ह्यात." आम्ही म्हणालो, आकडे तरी तसेच सांगतात. आम्हाला त्या दोन फेऱ्यांचे सगळे मिळून जे समाधान आहे ते या एका वाक्याचे आहे, पण ते असो.

किलोमीटरच कमी मोजले जात होते

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चाकाशी खाली बसले. विचारले, "टायर कधी बदलले?" २०२३ साली चारही बदलले होते. मूळ टायर २१५/७५ आर १५ या मापाचे होते. दुकानदाराने सांगितले की मोठे घ्या, गाडी उंच राहील, शेतात लागणार नाही. म्हणून २३५/७५ आर १५ बसवले.

आता यात गंमत अशी. मूळ टायरचा व्यास ७० सेंटिमीटर, नव्याचा ७३ हून थोडा जास्त. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी सव्वानऊ-साडेनऊ सेंटिमीटर जास्त पुढे जाते. परंतु किलोमीटरचा मीटर चाकाचे फेरेच मोजतो, त्याला टायर बदलल्याचा पत्ता नसतो. तो जुन्याच हिशेबाने आकडा दाखवतो. आम्ही महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून ताडून पाहिले. वीस दगड झाले तेव्हा ट्रिप मीटर १९.२ दाखवत होता. ज्यांना दगड मोजायचा कंटाळा आहे त्यांनी मोबाईलवरच्या नकाशाशी ताडून पाहावे, काम तेच.

म्हणजे मीटरचे ३३१ हे वास्तविक ३४५ किलोमीटर होते आणि ॲव्हरेज साडेनऊ. एक पैसा खर्च न करता निम्मा किलोमीटर सापडला. त्याने डिझेल वाचले नाही हे खरे, पण जे हरवलेच नव्हते ते शोधण्यात पैसे जाण्याचे वाचले. पुढचे सगळे आकडे आम्ही खऱ्या किलोमीटरवर धरले आहेत.

मोठ्या टायरचा दुसरा तोटाही सांगून ठेवतो. चाक मोठे झाले की प्रत्येक गियर लांब होतो, इंजिनाला ओढायला जड जाते आणि चढाला एक गियर खाली यावे लागते. गाडीबरोबर आलेल्या माहिती पुस्तकात जे माप दिले आहे तेच घ्यावे.

"गाडी मोकळी पळंना"

यानंतर आम्ही मामांना विचारले. खरे तर सर्वांत आधी विचारायला हवे होते, आमची ती चूक झाली. मामा म्हणाले, "साहेब, दिवाळीपासनं म्या दादास्नी दोनदा बोललो. गाडी मोकळी पळंना. रेस सोडली की कुनीतरी मागनं धरल्यावानी हुतंय. आन् मार्केटात थांबलो की डाव्या चाकाला वास येतोय." दादांना ते आठवत होते. त्या वेळी त्यांना वाटले, मामांना नवी गाडी हवी आहे म्हणून कुरकुर चालली आहे.

गावाबाहेरच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० चा वेग घेऊन गाडी न्यूट्रल केली आणि ती आपण होऊन कुठे थांबते ते पाहिले. तशाच बनावटीची दुसऱ्या एका सभासदाची पिकअप ३०० मीटरच्या पुढे जाऊन थांबली. ही १८० मीटरवरच उभी राहिली. उलट्या दिशेनेही करून पाहिले, म्हणजे रस्त्याचा उतार आणि वारा यांचा फरक निघून जातो. (ही परीक्षा फक्त सपाट आणि रिकाम्या रस्त्यावरच करावी. इंजिन चालूच ठेवावे.)

मग दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून, ब्रेक शक्यतो न दाबता, बाजूला घेतली आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन पाहिली. हात लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. तीन ड्रम कोमट होते. मागचा डावा इतका तापला होता की हात एक वितीवरून मागे घ्यावा लागला. तापलेल्या ड्रमवर पाणी कोणी ओतू नये, तो तडकतो.

गाडी शेडमध्ये आणली. पुढच्या चाकांना दगड लावले, हॅन्डब्रेक सोडला, मागे जॅक लावून खाली लाकडी ठोकळा दिला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी जाऊ नये, आपल्याच भागात त्याने माणसे गेली आहेत. उजवे चाक हाताने ढकलले की फिरत होते. डावे दोघांनी धरून फिरवले तेव्हा कुठे हलले, तेही खरखर करत.

ड्रम काढल्यावर सगळे उघड झाले. ब्रेकच्या चाकाकडच्या छोट्या सिलिंडरातला दट्ट्या गंजून अडकला होता. ब्रेक दाबला की बाहेर यायचा, सोडल्यावर मागे जायचा नाही. त्यात हॅन्डब्रेकची वायर तिच्या नळीत गंजून ताठ झालेली. लायनर सतत ड्रमला घासत होते. म्हणजे गाडी दिवसरात्र थोडा ब्रेक दाबूनच पुण्याला जात-येत होती.

असे का झाले, तर आपल्या भागाच्या रस्त्यांमुळे आणि आपल्या सवयीमुळे. पाटाच्या कडेचा चिखल, पाणी भरलेल्या सरीतून काढलेली गाडी, पावसाळ्यात ओल्या चाकांनी रात्रभर हॅन्डब्रेक ओढून उभी करायची. वायरीच्या नळीत पाणी शिरले की ते बाहेर निघत नाही. पावसाळाभर गाडी घरी सपाट अंगणात उभी करताना गियरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा, आणि पावसाळा संपला की चारही ड्रम एकदा उघडून साफ करावेत. खर्च मजुरीचाच असतो.

डिझेलपेक्षा मोठी गोष्ट मिस्त्रींनी हातावर धरून दाखवली. सिलिंडरातले रबर उष्णतेने करपून कडक झाले होते, बोटाने दाबले तर तुकडा पडला. आणखी काही फेऱ्यांत ते फाटले असते, ब्रेकचे ऑइल सांडले असते आणि मागचे ब्रेक गेले असते. तेही नेमके ब्रेक जास्त लागतात तिथे, सव्वा टन माल भरून घाट उतरताना. हे ऐकून मालक बाहेर जाऊन उभे राहिले.

दोन्ही बाजूंचे सिलिंडर, वायर, मजुरी मिळून ३,४०० रुपये झाले. एकाच बाजूचे बदलून चालत नाही, गाडी ब्रेक लागताना एका अंगाला ओढते. पुढच्या फेरीला ३१ लिटर लागले. ॲव्हरेज ११.१.

श्वास आणि ऊब

एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. हा आकडा आम्ही सभासदांना सांगितला तर त्यांचा विश्वास बसेना, पण तो खरा आहे. एवढी सगळी हवा एका कागदी जाळीतून गाळून इंजिनात जाते. तोडीच्या दिवसांत फडाच्या रस्त्याने जी माती आणि पाचटाचा चुरा उडतो, त्यात ही जाळी किती दिवस टिकणार? शहरातल्या गाडीच्या पुस्तकातली मुदत फडातल्या गाडीला लागू नाही.

आम्ही एअर फिल्टर काढला तेव्हा मांडीवर आपटल्यावर ओंजळभर माती पडली. या गाडीला जुन्या पद्धतीचा, नुसता यंत्रावर चालणारा पंप आहे. त्याला हवा कमी आली हे कळत नाही. पाय जेवढे डिझेल मागतो तेवढे तो देतो, आणि जे जळत नाही ते काळा धूर होऊन निघून जाते. चढाला काळा धूर मारणारी गाडी प्रत्येक वेळी पंपाची रोगी असते असे नाही. बऱ्याचदा तिचे नाक चोंदलेले असते. फिल्टर कॉम्प्रेसरने साफ करायचा तर हवा कमी दाबाने, आतून बाहेरच्या बाजूला मारावी. बाहेरून मारली तर माती कागदात आणखी घुसते. कागद फाटला असेल तर सरळ नवा घ्यावा, नाहीतर ती माती इंजिनाच्या लायनरला पॉलिश करते. इंजिन उतरवायचा खर्च कोणाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट मिस्त्रींनी टेम्परेचरच्या काट्यावरून ओळखली. पन्नास किलोमीटर पळूनही काटा पावाच्या वर येत नव्हता. मालकाला ते चांगले लक्षण वाटत होते, इंजिन थंड आहे म्हणून. वास्तविक २०२१ च्या उन्हाळ्यात गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. हा उपाय आपल्याकडे फार चालतो आणि फार वाईट आहे. थर्मोस्टॅटचे काम इंजिन लवकर तापवून योग्य तापमानावर ठेवायचे. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, इंजिन कायम गार राहते, डिझेल नीट जळत नाही, ऑइल जाड राहते आणि झीजही वाढते. गाडी मुळात तापली होती ती रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि पाचटाचे तुकडे बसले म्हणून. जाळी मागच्या बाजूने पाण्याने धुतली, नवा थर्मोस्टॅट बसवला, एअर फिल्टर नवा टाकला. सगळे मिळून २,१०० रुपये.

टायरची हवा सकाळी, चाके गार असताना बघावी आणि रिकाम्या-भरल्या गाडीसाठी पुस्तकात दिली आहे तेवढी ठेवावी. भरलेल्या गाडीत मागच्या चाकांना पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते. या गाडीत चारही चाकांत सारखीच होती. नजरेने चाक बघून हवा ठरवणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मिस्त्रीही पूर्वी तेच करायचे असे त्यांनीच कबूल केले.

पुढची फेरी २८.६ लिटरमध्ये झाली. ॲव्हरेज १२.१.

चालवण्याचा भाग

इथे मामांचे दोन मुद्दे निघाले आणि त्यांनी ते मोकळेपणाने ऐकले. पहिला, वेग. मार्केटला लवकर पोचायचे म्हणून महामार्गावर ८०-८५ ने गाडी जायची, वर क्रेटची थप्पी केबिनच्या वर दोन फूट. वेग वाढतो त्याच्या वर्गाने हवेचा विरोध वाढतो. ताशी ५५ च्या मानाने ८० ला तो दुपटीहून जास्त होतो. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही १९७८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ चा वेग ठेवायला सांगते. भाजीच्या गाडीला ते नेहमी जमणार नाही हे आम्हाला समजते. पण ८० चे ६० केले तर १७० किलोमीटरच्या वाटेत पाऊण तास जास्त लागतो. गाव पाऊण तास आधी सोडायचे ठरले.

दुसरा मुद्दा गंभीर आहे. घाट उतरताना मामा गाडी न्यूट्रल करायचे, आणि रस्ता मोकळा असला तर इंजिनही बंद. डिझेल वाचते अशी समजूत. ही शिकवण त्यांना मालकांच्या वडिलांनीच दिलेली. यात वाचत काही नाही. गाडी गियरमध्ये असताना रेस सोडली की पंप डिझेल बंदच करतो, चाकेच इंजिनाला फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ एक-दोनदा पाय दाबल्यावर संपते, मग ब्रेकवर उभे राहिले तरी गाडी थांबत नाही. ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरावा हे जुने ड्रायव्हर सांगतात, ते योग्यच आहे.

मार्केटात रांगेत तासभर इंजिन चालू ठेवले तर अर्धा-पाऊण लिटर उभ्या उभ्या जाते. तेही बंद केले. त्यानंतरच्या फेरीला २७.४ लिटर लागले, ॲव्हरेज १२.६.

तेरा काही आले नाही. मालकांनी विचारले, उरलेले कुठे गेले? मिस्त्री म्हणाले, "वडील होते तवा हौद्यावर हा लोखंडी सांगाडा होता का?" नव्हता. त्याचे वजन दीडशे किलो तरी असेल. शिवाय इंजिन बारा वर्षांचे. आणि ते १३ सुद्धा वडिलांनी कसे मोजले होते कोण जाणे. आम्ही तिथे थांबलो.

मग पंप उघडायचा कधी?

वरचे सगळे पाहून झाले आणि तरी गाडी काळा धूर मारते, इंजिन एका बाजूने ठोकते, सुरू व्हायला वेळ घेते, तर नोझल काढून दाबयंत्रावर तपासून घ्यावेत. आधी नोझल, मग पंप. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. टर्बो असलेल्या गाडीत रबरी नळीला चीर गेली की शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडी चढाला मरते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, करपल्याचा वास येतो, तर क्लच सरकतो आहे.

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्या हाताने पुसून बघाव्यात, ओल लागली तर तिथे गळती आहे. आणि एक खूण कोणी दुर्लक्षू नये. इंजिनचे ऑइल पट्टीवर कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल आत उतरते आहे. अशी गाडी त्याच क्षणी उभी करावी. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन जाम होते.

एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत पंपाचा कारभार बहुतेक संगणकाकडे असतो. त्या गाड्यांना ब्रेक, हवा, फिल्टर, वेग हे सगळे लागू आहेच. मात्र डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला असेल तर अंदाजाने पार्ट बदलत बसू नये, आधी मशीन लावून कोड वाचून घ्यावा.

जत्रेत आणि हल्ली मोबाईलवरही डिझेलच्या नळीला लावायचे लोहचुंबक आणि टाकीत ओतायच्या बाटल्या विकल्या जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर साधने तपासली, बहुतेकांचा उपयोग दिसला नाही. आमच्या ओळखीच्या एका सभासदाने असे चुंबक लावले होते. आता ते त्यांच्या फ्रिजवर पाणीपट्टीची पावती धरून आहे.

तर या गाडीचा एकूण खर्च ५,५०० रुपये झाला. फेरीमागे ९ लिटर वाचतात, म्हणजे सात फेऱ्यांतच खर्च निघून गेला. पंप अजून उघडलेला नाही. ज्या सोमवारी मामांना नको म्हणून सांगायचे होते, त्या सोमवारी पहाटे ते नेहमीप्रमाणे गाडीवर होते. मालकांनी एक दोनशे पानी वही आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मामा, आता हिशेब तुम्हीच लिवा." दुसरे काही ते बोलले नाहीत, मामांनीही विचारले नाही.

ज्या सभासदांना आपल्या गाडीची अशी नोंद ठेवायची आहे त्यांच्यासाठी मामांच्या वहीतले रकाने देतो: तारीख, मीटरचे किलोमीटर, लिटर, माल किती, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तीन फेऱ्यांच्या नोंदी झाल्या की वही घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे, मिस्त्रींना दाखवून देऊ. परवा ती वही आम्ही पाहिली. पहिल्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, मामांनी शिसपेन्सिलीने लिहिले आहे: "डावे चाक गार. वास नाही."